पावती क्रमांक १५१ ते २००

१

निरंजन निगडीच्या बस टर्मिनसवर, बाकावर बसल्या बसल्या गेला. सकाळचे साडेनऊ झाले होते. शेजारी बसलेल्या बाईला वाटलं, डोळा लागलाय. तिची बस आली तेव्हा तिने त्याला हलवलं. वय एक्केचाळीस. डॉक्टरांनी हृदय लिहिलं. शर्टाच्या खिशात चार घड्या घातलेलं पत्र होतं.

त्याचे वडील रंगराव माझे शेजारी. तेरावा झाल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांची सून स्वरूपा माझ्याकडे आली.

"काका, बाबा जेवत नाहीत. चहात बुडवून एक बिस्कीट खातात, बस. तुम्ही बोला जरा."

गेलो. रंगराव भिंतीकडे तोंड करून बसले होते. समोर ताट होतं, वरणावर साय धरलेली.

"जयसिंग," ते म्हणाले, "तू अठ्ठावीस वर्षं कंपनीच्या गेटवर होतास. चोर बघून ओळखायचास. मला एवढं सांग, माझ्या पोराने जेवणाची चोरी केली का?"

"काय बोलता, रंगराव?"

"ते लिहितात तसं. घास तोंडाशी नेला की तेच आठवतं. मीच त्याला..." आणि ते थांबले.

स्वरूपाने पत्र दिलं. निरंजन कंपनीचा नोकर नव्हता. वेल्डिंग करणाऱ्या रोबोंना काम शिकवायचा, कंत्राटावर. काम चाकणला महाळुंग्याच्या कारखान्यात, पण पैसे हिंजवडीतल्या एका एजन्सीकडून. कामापायी कुणासोबत बाहेर जेवावं लागलं तर ते बिल लावायची त्याला मुभा होती. एजन्सी ते पैसे कंपनीकडून वसूल करून त्याला देणार, अशी रीत.

पत्रात लिहिलं होतं की निरंजनने सव्वादोन महिन्यांत जेवणाची पन्नास खोटी बिलं लावली. एकशे ऐंशीची एक, असे नऊ हजार रुपये. कंपनीच्या तपासणीत हे उघड झालं. कंत्राट रद्द. फसवणूक केल्यामुळे कामाचे थकलेले चार लाख ऐंशी हजारही मिळणार नाहीत.

"हे नऊ हजार आले होते का?" मी विचारलं.

"बँकेत नाही आले. ते म्हणतात रोख दिले. आता कुणाला विचारू?" स्वरूपा म्हणाली. "पैशाचं सोडा काका. शाळेत पोरीला विचारतात, तुझे पप्पा काय खाऊन मेले."

पत्रासोबत पन्नास बिलांच्या झेरॉक्स होत्या. मला अक्षर उशिरा आलं, म्हणून मी बोट ठेवून वाचतो. घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतं ते बोटाखाली येतं. बिलं एकाच खानावळीची होती, गिरजाबाईंच्या. प्रत्येकावर शिक्का, तारीख, 'एक थाळी' आणि रक्कम. वरचा क्रमांक पाहत गेलो. १५१, १५२, १५३. शेवटचा दोनशे. मध्ये एकही आकडा गळालेला नाही.

दुपारी शेदीडशे माणसं जेवतात त्या खानावळीत एकाच माणसाला सलग पन्नास पावत्या मिळत नाहीत. अख्खं पुस्तक कुणीतरी उचललं होतं.

"त्याची स्वतःची बिलं कुठे ठेवायचा?"

"निळी फाइल होती. कारखान्यातल्या लॉकरमध्ये," स्वरूपा म्हणाली. "सामान आणायला गेले तर बूट, हेल्मेट, डबा, सगळं मिळालं. फाइल नव्हती. कुलूप जागच्या जागी होतं."

२

दुसऱ्या दिवशी बस धरून महाळुंग्याला गेलो. निवृत्त माणसाला वार राहत नाही लक्षात. खानावळीचं शटर खाली होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, टपरीसुद्धा बंद. गुरुवार होता. तसाच परत आलो आणि शुक्रवारी पुन्हा गेलो.

गिरजाबाई पिठाने माखलेल्या हातांनी बाहेर आल्या.

"जयसिंगदादा! गेटवर हुता तवा माझ्या भाकऱ्या तपासायचा. आता काय तपासाया आला?"

"तुमची बिलं."

त्यांचं हसू गेलं. मी झेरॉक्स पुढे धरली. त्यांनी हात पुसले नाहीत, नुसतं वाकून पाहिलं.

"शिक्का माझाच हाय. आकडे माझे न्हाईत. मी सात असा काढत न्हाई."

"निरंजन रोज जेवायचा इथे?"

"रोज कुठनं? म्हैन्यातनं चार-पाच येळा. संगट कुणीतरी असायचं. ताटापरीस कागूदच मोठा असायचा त्येच्याम्होरं. बिल मागायचा आन् पाठीमागं बारीक बारीक कायतरी लिवायचा. मी म्हनायची, पोरा, ह्ये काय माझ्या कालवनाची तक्रार लिवतुयास व्हय?"

"कोरं पुस्तक कुणाला दिलं होतं?"

"न्हाई. कुनालाच न्हाई."

फार पटकन म्हणाल्या. आणि मग, मी न विचारताच, "निरंजनाला तर न्हाईच दिलं. त्यो मागनारा न्हवता."

मागणारा दुसरा कुणीतरी होता. पण त्या आत गेल्या, आणि तव्याचा आवाज नको तेवढा मोठा यायला लागला.

३

धनेश हा त्या वेल्डिंग लाइनचा सुपरवायझर. निरंजनच्या कामाचे तास मोजून सही करणारा. मी त्याला शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर गाठलं.

"काका, तुमच्या जागी आता मशीन बसवलंय. चेहरा बघून आत सोडतं."

"मी चेहरा बघून अडवायचो."

तो हसला, पण चहाचा कागदी पेला त्याने हातात चेपून टाकला.

"निरंजन माझा मित्र होता. गुरुवारी लाइन बंद असते, तेव्हाच रोबो उघडता येतात. दर गुरुवारी आम्ही दोघंच असायचो त्या शेडमध्ये. शनिवार-रविवार तर नेहमीची शिफ्ट. सात दिवस यायचा महिनोन्महिने. असा माणूस थाळीचे पैसे खाईल?"

"मग तू कंपनीत तसं का नाही सांगितलंस?"

तो रस्त्याकडे पाहू लागला. कंटेनर जात होते. "माझं कोण ऐकतंय, काका."

"त्याची निळी फाइल हरवलीय."

"मला काय माहीत? कोण सोबत जेवलं, कशासाठी, नावंबिवं लिहून ठेवायचा तो बिलामागे. असेल कुठेतरी."

मी पेला ठेवला. निरंजन बिलामागे काहीतरी लिहितो हे गिरजाबाईंना दिसलं होतं. काय लिहितो ते मात्र फाइल उघडून पाठ उलटल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि लॉकरची दुसरी किल्ली सुपरवायझरकडे असते, हे मला गेटवरची अठ्ठावीस वर्षं सांगत होती.

४

एजन्सीचं ऑफिस हिंजवडीत सहाव्या मजल्यावर होतं. काचेची खोली, गार हवा. मालक प्रज्वल, पस्तिशीचा. दोन वर्षांपूर्वी नागपूरहून येऊन त्याने हा धंदा काढला होता. मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"अंकल, आय फील व्हेरी बॅड. पण निरंजनने बिलं पाठवली, आम्ही विश्वासाने कंपनीकडे पुढे लावली. कंपनीच्या ऑडिटरने सलग नंबर पकडले. आमचं नाव खराब झालं, अंकल."

"तुम्ही स्वतः चाकणला जाता का कधी?"

"मला वेळ कुठे? एकदा गेलो होतो, मे महिन्यात. ट्रॅफिकमध्ये तीन तास. त्यानंतर सगळं फोनवर. अजून काही हवं असेल तर सोमवार ते शुक्रवार कधीही या. शनिवार-रविवार आम्ही बंद असतो."

बाहेर हिशेबाच्या टेबलावर स्वप्नाली नावाची मुलगी होती. जेवणाच्या बिलांची यादी टाइप करणारी हीच. ती मला लिफ्टपर्यंत सोडायला आली आणि दार बंद होता होता म्हणाली, "काका, इथे नको. मी निगडीलाच राहते. गुरुवारी वडील घरी असतात, तेव्हा मी लवकर निघते. त्या दिवशी भेटा."

"वडील काय करतात?"

"भोसरीला टर्नर आहेत. आमच्या घरी लहानपणापासून मटण गुरुवारीच. शाळेतल्या मैत्रिणी हसायच्या."

मला थांबायचं नव्हतं. त्याच संध्याकाळी पत्ता काढून तिच्या घरी गेलो. ती दारातच बोलली.

"बिलांचा गठ्ठा सरांनी माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, निरंजनची आहेत, चढव. मी चढवली. ती कुणी लिहिली ते मी नाही पाहिलं. पण काका, यादी माझ्या नावाने गेलीय. उद्या सर म्हणतील, स्वप्नालीनेच केलं. मग मी काय सांगू?"

खरं होतं. तिच्या हातून झालं असतं तरी तिने हेच सांगितलं असतं.

५

घरी येऊन मी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं, आणि पन्नास तारखांवर एकेक करून पेन्सिलीने टिंब दिलं.

पहिलं बिल दोन जूनचं, सोमवार. शेवटचं आठ ऑगस्टचं, शुक्रवार. बरोबर दहा आठवडे. दर आठवड्याला पाच टिंबं, ओळीत. शनिवारचा आणि रविवारचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. आणि गुरुवारच्या रकान्यात दहा टिंबं.

मी बराच वेळ त्या दहा टिंबांकडे पाहत बसलो. मग पलीकडे जाऊन स्वरूपाला विचारलं, "निरंजन गुरुवारी कामावर जायचा. जेवायचा काय?"

"डबा द्यायचे मी. गुरुवारी तिकडे काय मिळतं? सगळा पट्टा बंद असतो."

आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी. कारखाने बंद म्हणून कामगार नाहीत, कामगार नाहीत म्हणून खानावळ बंद. गेल्या आठवड्यात मी स्वतः त्या बंद शटरपुढे उभा राहिलो होतो, आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

गिरजाबाई आपली खानावळ बंद असलेल्या दिवसाचं बिल फाडणार नाहीत. निरंजन सहा वर्षं तिथे जात होता. त्याला खोटं बिलच करायचं असतं, तर त्याने शनिवार-रविवारचं केलं असतं, तेव्हा तो कामावर असायचा आणि खानावळ उघडी असायची. गुरुवारचं केलं नसतं. धनेशनेही नाही. ही बिलं अशा माणसाने लिहिली, ज्याच्या डोक्यात आठवडा पाच दिवसांचा आहे आणि सुट्टी शनिवार-रविवारची. तो माणूस हिंजवडीत बसतो.

तिथे दोघं होते. पण अंदाज हा पुरावा नव्हे. म्हणून मी फोन घेतला आणि सगळ्यांना एकच वाक्य सांगितलं: "गुरुवारी दुपारी एक वाजता गिरजाबाईंच्या खानावळीत जेवायला या, निरंजनबद्दल बोलायचंय."

धनेश म्हणाला, "काका, वय झालं तुमचं. गुरुवारी गिरजाबाई कुठे उघडतात?"

स्वप्नाली म्हणाली, "गुरुवारी चाकणला काय मिळणार, काका? डबा आणू का?"

प्रज्वल म्हणाला, "शुअर, अंकल. लंचलाच येतो."

६

गुरुवारी खानावळीपुढच्या पत्र्याखाली आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसलो. गिरजाबाई, धनेश, स्वप्नाली, स्वरूपा. आणि मारुतराव, कारखान्याचे मॅनेजर. माझ्या नजरेखालून वीस वर्षं गेटमधून गेलेले, म्हणून आले. रंगराव आले नव्हते.

एक वाजून दहा मिनिटांनी पांढरी गाडी थांबली. प्रज्वल उतरला, त्याने शटरकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"बंद आहे?"

"दर गुरुवारी असतं," मी म्हणालो. "पंधरा वर्षं. तुमच्याकडच्या पन्नासांतली दहा बिलं गुरुवारची आहेत."

तो सावरला. "मग निरंजनने खोटी तारीख टाकली असेल. हेच तर आम्ही म्हणतोय."

"इथे बसलेल्यांना मी हेच आमंत्रण दिलं. प्रत्येकाने मला वेड्यात काढलं. या मुलीनेसुद्धा, कारण तिच्या घरात मटण गुरुवारी शिजतं. एकटे तुम्ही जेवायला आलात."

"दिस इज नॉट प्रूफ, अंकल."

"न्हाई कसं?" गिरजाबाई उठल्या. त्या त्याच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होत्या. "ह्योच त्यो. वैशाखात आला हुता, हीच गाडी. पिठलं खाल्लं, दोनदा वाढून घेतलं, मावशी मावशी केलं. म्हनला, हाफिसात लागतंय, एक कोरं पुस्तक द्या शिक्के मारून. पाचशाची नोट ठिवली. मी दिलं."

"मग आधी का नाही सांगितलंत?" मारुतराव म्हणाले.

"टॅक्सवाले येतील म्हून भ्याले. सायेब, ह्या रस्त्यावर समदेच देत्यात कोरी बिलं. मला काय ठावं, त्येच्यावर एक मानूस मरंल."

धनेशने पायाशी ठेवलेली पिशवी उचलली, तिच्यातून निळी फाइल काढली आणि स्वरूपाच्या मांडीवर ठेवली.

"वहिनी, ही माझ्याकडे होती. यातल्या निम्म्या बिलांमागे माझं नाव आहे. कंत्राटदाराकडून जेवलो हे कळलं असतं तर कंपनीने मला काढलं असतं. दोन महिने थांबा, मग देतो, असं मी स्वतःला सांगत होतो. तो बाकावर गेला त्याच्या आदल्या दिवशी त्याने मला फोन केला होता. फाइल दे म्हणाला. तेवढं दाखवलं की झालं, म्हणाला. मी म्हणालो, मला नाही सापडत."

स्वरूपाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मारुतरावांनी फाइल चाळली. जून ते ऑगस्टची नऊ बिलं. गिरजाबाईंचा आडव्या रेघेचा सात, आणि प्रत्येकामागे बारीक अक्षरात कोण सोबत होतं, कुठल्या रोबोचं काम होतं. एका पानावर निरंजनने स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं: 'रोजचं जेवण मी कुठेही असतो तरी जेवलोच असतो. ते धंद्याचं नाही. कामापायी कुणासोबत बसलो, तेवढंच लावायचं.'

"म्हणजे नऊ बिलं त्याची, आणि पन्नास तुमची," मारुतराव प्रज्वलला म्हणाले. "तुमची तेवीस माणसं आमच्याकडे आहेत. बाकीच्या बावीस जणांची बिलंही आता उघडतो. तुमचा एक रुपया सुटणार नाही, आणि यांचे चार लाख ऐंशी हजार आधी."

प्रज्वल गाडीकडे गेला. बसण्याआधी वळून म्हणाला, "नऊ हजारांसाठी एवढं? एवढी छोटी गोष्ट, अंकल. सगळे करतात."

७

संध्याकाळी फाइल घेऊन रंगरावांकडे गेलो. मारुतरावांनी लेखी पत्र दिलं होतं, निरंजनवरचा आरोप मागे घेतल्याचं. ते वाचून दाखवलं. रंगराव ऐकत राहिले. चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"तुमच्या पोराने काही चोरलं नाही," मी म्हणालो. "आता जेवा."

"तुला ठाऊक नाही, जयसिंग."

स्वरूपा फाइलची पानं उलटत होती. एका बिलावर थांबली आणि ते तिने सासऱ्यांच्या हातात दिलं. मार्चचं होतं, तीन थाळ्यांचं. दोनच थाळ्यांचे पैसे लावले होते. मागे लिहिलं होतं: 'धनेशसोबत, रोबो चारचा हात बदलण्याबद्दल. बाबाही आले होते. त्यांची थाळी घरची, लावायची नाही. दोन ताकांचे पैसे माझ्या खिशातून दिले.'

रंगरावांनी ते फार जवळ धरून वाचलं.

"त्या दिवशी कारखाना दाखवायला नेलं होतं मला," ते म्हणाले. "जेवताना मी म्हणालो, कंपनी देतेय ना, मग अजून एक ताक सांग. सगळे तसंच करतात, तू कशाला मागे राहतोस. तो नुसता हसला. ते पत्र आलं तेव्हा मला वाटलं, मीच शिकवलं त्याला. बापाचं ऐकलं त्याने."

स्वरूपा आत गेली. ताट वाढून आणलं, भाकरी, मेथी, ताकाचा पेला. रंगरावांनी बिल घडी घालून खिशात ठेवलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. मग दुसरा. तीन आठवड्यांनी ते जेवत होते आणि डोळे पुसायला थांबत नव्हते.

ताट पुसून खाल्लं त्यांनी. ताकाला हात लावला नाही.